चित्र गेलं तर जाऊ द्या, आवाज धरून ठेवा

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावातून निवृत्त गुरुजींचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: ‘ग्रंथालयांची व्याख्यानं, लेखकांच्या मुलाखती, पुस्तकांवरच्या चर्चा आता थेट ऑनलाइन होतात. मी दोनदा नाव नोंदवलं. पहिल्यांदा लिंकच सापडली नाही. दुसऱ्यांदा आत गेलो, तर माणसांची तोंडं हलताना दिसत होती आणि ऐकू काहीच येईना. साधा स्मार्टफोन आहे, लॅपटॉप नाही. घर जुनं, माळवदाचं. रेंज ओसरीत असते, आत गेलं की जाते. काय तयारी करावी? आणि गावच्या वाचनालयात दहा-बारा जणांना मिळून बसता येईल का?’

गुरुजी, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाचनालयाला कुलूप लागलं, तेव्हा आमचा दर महिन्याचा वाचनकट्टा आम्ही फोनवर आणला. पहिल्या दिवशी मी टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवून दोन्ही एकाच मीटिंगमध्ये जोडले. एकावरून बोलायचं, दुसऱ्यावर लोकांना कसं दिसतंय ते बघायचं, असा बेत. एका फोनचा आवाज दुसऱ्यानं उचलला, दुसऱ्याचा पहिल्यानं, आणि अशी किंकाळी उठली की शेजारच्या वाड्यातलं कुत्रं ओरडायला लागलं. तिथून इथवर बरंच शिकले. आता दुसऱ्यांना बसवून द्यायचं काम माझ्याकडंच येतं.

तर आधी एकच गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. ग्रंथालयाचा कार्यक्रम हा ऐकायचा कार्यक्रम असतो. वक्त्याच्या मागच्या कपाटात कोणती पुस्तकं आहेत ते दिसलं नाही म्हणून काही बिघडत नाही. आवाज गेला तर मात्र सगळंच गेलं. आपण उलटं करतो. चित्र दिसलं की ‘लागलं, लागलं’ म्हणतो आणि आवाजाची चौकशी शेवटी करतो.

हे नुसतं माझं मत नाही, त्यामागं हिशोब आहे. झूमसारख्या ॲपला फक्त आवाजासाठी साधारण ६० ते ८० केबीपीएस एवढा वेग पुरतो. केबीपीएस हे नेटचा वेग मोजायचं माप, हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस. अनेक जणांचं चांगलं चित्र हवं असेल तर ६०० केबीपीएसपासून एक एमबीपीएसपर्यंत लागतो. ८० केबीपीएसनं तासभर ऐकलं तर ३६ एमबी जातात, एक एमबीपीएसनं तासभर बघितलं तर ४५० एमबी. म्हणजे एका बघण्यात बारा ऐकणी बसतात. ओसरीत जी दोन कांड्या रेंज येते, ती चित्राला पुरणार नाही, पण आवाजाला बहुतेक वेळा पुरते.

यात एक मेख आहे. आपल्याकडं बहुतेकांचा पॅक दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा. तो संपला की नेट बंद होत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचे साधे निरोप चालू असतात, म्हणून माणसाला वाटतं नेट आहे. मग कार्यक्रमातला आवाज तुटक का येतो, ते कळत नाही. ८० ची गरज ६४ मध्ये कशी भागणार? संध्याकाळी सहाचा कार्यक्रम असेल, तर त्या दिवशी दुपारी नातवाच्या हातात फोन देऊ नका. पॅक रात्री बारानंतर पुन्हा भरतो, तोपर्यंत जेवढं उरेल तेवढंच आपलं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आहे. तिथं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सकाळच्या गुलाबाच्या फुलांत आणि सुविचारांत किती डेटा जातो ते बघाल तर डोळे विस्फारतील. त्याच फुलांनी फोनची जागाही भरलेली असते, आणि नवं ॲप घ्यायला गेलं की फोन ‘जागा नाही’ म्हणतो. आठ-पंधरा दिवसांची फुलं काढून टाका. सुविचार तुम्हाला पाठ असतीलच.

चित्र कमी करायच्या वाटा अशा. स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा. तुमचा चेहरा पाठवायलाही डेटा लागतो. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असेल तर सेटिंगच्या चक्रातून दर्जा १४४ किंवा २४० वर आणा, चित्र भुरकट होईल पण आवाज चालेल. झूममध्ये ‘मोअर’ या बटणाखाली ‘स्टॉप इनकमिंग व्हिडिओ’ मिळाला तर तो दाबा. नाही मिळाला तर याहून सोपी युक्ती आहे. आवाज नीट सुरू झाला की बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद करा. झूम आणि गूगल मीट ही मीटिंगची ॲप स्क्रीन बंद असतानाही ऐकू येत राहतात, आकाशवाणीसारखं. फुकटच्या यूट्यूबवर हे जमत नाही, स्क्रीन बंद केली की तो गप्प होतो.

आता माळवद. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. उन्हाळ्यात असल्या घरासारखं सुख नाही, पण टॉवरच्या लहरींना ती गढीच. तुमची ओसरीची जागा बरोबर आहे. तीच धरा. टॉवर कोणत्या बाजूला आहे ते बघून त्या बाजूच्या दारात बसा. काही जण थेट माळवदावर जाऊन बसतात. रेंज फक्कड मिळते, पण वारा माईकमध्ये शिरतो आणि बोलायची वेळ आली की नुसतं भुर्र भुर्र. ऐकायला वर, बोलायला ओसरीत. पत्र्याच्या घरातही अडचण तीच, भरीला पाऊस. पत्र्यावर सर आली की वक्ता काय बोलतोय ते देवालाच ठाऊक. घरी वायफाय असेल आणि राउटर, म्हणजे वायफायचा डबा, भिंतीपलीकडं असेल, तर फोनमध्ये दिसणाऱ्या दोन नावांपैकी ज्याला ‘५ जी’ किंवा ‘५ जीएचझेड’ अशी शेपूट नाही ते निवडा. दुसरं वेगवान असतं, पण भिंतीतून कमी जातं.

इअरफोन वायरवाला घ्या, माईक असलेला. साधा, स्वस्तातला चालतो. माझ्याकडं येणाऱ्यांत निम्म्यांची तक्रार एवढ्यानंच मिटते. वक्त्याचा आवाज कानातच राहतो, माईकमध्ये परत शिरत नाही आणि घरच्यांनाही त्रास नाही. नव्या फोनला गोल भोक नसतं, त्यांना टाइप-सी पिनचा लागतो. विकत घेताना दुकानात लावून बघा.

तुमची पहिली अडचण, लिंक सापडली नाही. हे दहात सात वेळा ई-मेलमुळं होतं. फोन घेतला तेव्हा मुलानं किंवा मोबाइलच्या दुकानदारानं काहीतरी ई-मेल काढून दिलेला असतो. आपण नोंदणीत वेगळाच पत्ता टाकतो, किंवा ‘कॉम’ च्या जागी ‘कॉन’ लिहितो, आणि लिंक त्या चुकीच्या पत्त्यावर जाऊन बसते. जीमेल उघडा. वर उजव्या कोपऱ्यात गोल आहे, त्यात फोटो किंवा एखादं अक्षर असतं. ते दाबलं की तुमचा खरा पत्ता दिसतो. तो वहीत लिहा, नोंदणी करताना बघून भरा. नोंदणीनंतर पाच मिनिटांत मेल आला नाही तर डावीकडच्या तीन रेघा दाबून ‘स्पॅम’ आणि ‘प्रमोशन्स’ बघा. सापडला की त्याला तारा लावा, म्हणजे ऐनवेळी तीनशे मेलांत हुडकत बसायला नको.

नोंदणीनंतर येणारी लिंक पुष्कळदा तुमच्या एकट्याच्या नावाची असते. ती गावच्या ग्रुपवर टाकू नका. दुसरा कुणी तिच्यातून शिरला तर तो तिथं तुमच्याच नावानं दिसतो. मग गडबड त्यानं केली तरी नाव तुमचं. मित्राला बोलवायचं असेल तर नोंदणीचा अर्ज पाठवा, लिंक नव्हे.

लिंक बघूनच कार्यक्रम कुठं आहे ते कळलं पाहिजे. झूमची असेल तर तिच्यात ‘झूम’ हा शब्द आणि नऊ ते अकरा आकडी नंबर असतो, सोबत बहुतेकदा पासकोड. गूगल मीटची असेल तर शेवटी इंग्रजी अक्षरांचे तीन गट, तीन-चार-तीन असे. यूट्यूबची असेल तर तयारी जवळजवळ नाहीच. दाबा आणि ऐका. तिथं तुमचा माईक नसतो, खाली लिहून विचारायचं असेल तर लॉगिन लागतं, आणि जे ऐकताय ते प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागं असतं. म्हणून तिथं ‘आवाज येत नाही’ असं लिहिलंत तरी वक्त्याला ते उशिरा कळतं. पण उशिरा पोहोचणाऱ्यासाठी यूट्यूबसारखं सोयीचं काही नाही. बहुतेक वेळा मागं सरकवून सुरुवातीपासून ऐकता येतं, आणि कार्यक्रम संपल्यावर बरेचदा त्याच लिंकवर ध्वनिचित्रफीत राहते.

झूम आणि मीटसाठी फोनवर ॲप घ्या. ब्राउझरमधून प्रयत्न करता येतो, पण फोनवर त्या भानगडीत पडू नका. ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर ‘हे इन्स्टॉल करा म्हणजे कार्यक्रम दिसेल’ म्हणून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप, पाठवली, तर ती उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. ग्रंथालयाचा कार्यक्रम ऐकायला ओटीपी, आधार क्रमांक, बँकेचं खातं यातलं काहीच लागत नाही. कुणी मागितलंच तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर ताबडतोब तक्रार करायची. हा नंबर दारामागं लिहून ठेवा.

आता तुमची दुसरी अडचण: तोंडं हलतात, आवाज नाही. गुरुजी, यात तुमचा फोन बिघडलेला नव्हता. झूममध्ये आत जाणं वेगळं आणि आवाजाला जोडून घेणं वेगळं. आत गेल्यावर एक खिडकी येते, ‘वायफाय ऑर सेल्युलर डेटा’ अशी. बरेच जण ती जाहिरात समजून बाजूला सारतात. तीच दाबायची असते. सुटली असेल तर स्क्रीनवर एकदा बोट टेकवा, पट्टी वर येईल, त्यात माईकच्या जागी ‘जॉइन ऑडिओ’ दिसेल. ते दाबलं की आवाज सुरू. पहिल्यांदा ॲप माईक वापरायची परवानगी मागतं. तिथं ‘नको’ म्हटलंत आणि पुन्हा एकदा ‘नको’ म्हटलंत, तर नवे अँड्रॉइड फोन परत विचारतच नाहीत. मग फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स’, त्यात झूम, त्यात ‘परमिशन्स’ इथं जाऊन माईक चालू करावा लागतो. आणखी एक गंमत. झूमच्या काही आवृत्त्यांत स्क्रीनवर बोट आडवं फिरलं की गाडी चालवतानाचा पडदा येतो, त्यावर एकच मोठं बटण असतं. चित्र गेलं म्हणून माणूस घाबरतो. उलट दिशेला बोट फिरवा, परत येतं.

हे सगळं कार्यक्रमाच्या दिवशी शिकायचं नसतं. झूमनं सरावासाठी एक कायमची चाचणी-मीटिंग ठेवली आहे. पत्ता: झूम डॉट यूएस, तिरकी रेघ, टेस्ट, सगळं इंग्रजी अक्षरांत टाकायचं. तुमचा आवाज तुम्हालाच परत ऐकवून बघते. आदल्या दिवशी, ज्या जागी बसणार त्याच जागी, त्याच वेळेला ती करा. त्याच वेळेला का? कारण सकाळी सहाला गावचा टॉवर मोकळा असतो आणि संध्याकाळी आठला अख्खं गाव त्याला लटकलेलं असतं. सकाळची चाचणी संध्याकाळचं काही सांगत नाही.

आत गेल्यावर ‘होस्ट तुम्हाला थोड्या वेळात घेईल’ असं दिसलं तर बसून राहा. ती ओसरी आहे, यजमान दार उघडतो. तिथं तुमचं नाव नीट दिसलं पाहिजे. फोनच्या मॉडेलचं नाव दिसत असेल तर यजमान ओळखत नाही आणि तुम्ही बाहेरच राहता. जोडण्याआधी नावाच्या चौकटीत स्वतःचं नाव आणि गाव टाका. आमच्याकडं एकदा एक ज्येष्ठ कवी अर्धा तास बाहेर ताटकळले. नाव नातीच्या गेममधलं, पऱ्यांच्या राणीचं काहीतरी. आम्हाला वाटलं पोरंसोरं मस्ती करतायत.

कधी असं होईल की आत गेलात, ऐकू येतंय, पण माईकचं, कॅमेऱ्याचं बटणच नाही. फोन बिघडला नाही. तो वेबिनार आहे. तिथं श्रोत्यांना माईक नसतोच, ‘क्यू अँड ए’ म्हणजे प्रश्नोत्तरांच्या चौकटीत लिहून विचारायचं. आणि नेमक्या चाळीस मिनिटांनी सगळं धाडकन बंद झालं तर रेंजला शिव्या देऊ नका. झूमच्या फुकटच्या मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा आहे, मीटच्या फुकटच्या गटाला एक तासाची. आयोजक छोटं वाचनालय असेल तर हे व्हायचंच. थोडं थांबा, त्याच लिंकवर पुन्हा जा, ग्रुपवर नवी लिंक आलीय का तेही बघा.

फोनवर कार्यक्रम ऐकताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फोनच. ऐन रंगात ‘कामून फोन उचलंना’ म्हणून भाच्याचा फोन येतो आणि आवाज तुटतो. दोन सिम असतील तर एकावर फोन आला की दुसऱ्यावरचं नेट बऱ्याच फोनांत थांबतं. वायफाय असेल तर विमानाचं चिन्ह दाबून फक्त वायफाय चालू करा. घंटी वाजायचा प्रश्नच मिटला. मोबाइल डेटावर असाल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आणि नको असलेलं सिम तेवढ्यापुरतं बंद करा. मे महिन्यात आणखी एक त्रास. चार्जिंगला लावून तासभर थेट कार्यक्रम चालवला की फोन तापतो, स्क्रीन अंधारते, कधी ॲप आपसूक बंद पडतं. आधी पूर्ण चार्ज करून ठेवा, मग वायर काढा, पाठीवरचं कव्हर काढा आणि पंख्याखाली ठेवा.

वीज जाणार हे धरूनच चालायचं. मोबाइल डेटावर असाल तर तुमचं लगेच काही बिघडत नाही, टॉवरला बॅटरी असते. पण वीज तास न् तास गेली तर टॉवरही मान टाकतो. फायबरचं वायफाय असेल तर वीज गेल्या क्षणी राउटर बंद. राउटरला चालणारा छोटा बॅटरीचा डबा मिळतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे, पण स्वतःच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघूनच घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्यावर घेतलाय का तेवढं तपासा. पंखा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर आणि राउटर नाही, अशी घरं मी खूप बघितली.

बोलायचं नसेल तेव्हा माईक बंद. हे सगळे सांगतात, मीही सांगते, आणि माझीच फजिती सांगते. आमच्या कवितावाचनात एक तरुण कवी दुष्काळावरची कविता म्हणत होता आणि मी दारात भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. माईक चालू. कवीनं कडवं संपवलं आणि म्हणाला, ‘मॅडम, पाच रुपये देऊन टाका.’ तेव्हापासून आत गेल्यावर मी पहिलं काम माईकवरची लाल रेघ बघायचं करते. प्रश्न विचारायचा असेल तर हात वर करायचं चिन्ह दाबा, नाव पुकारलं की माईक उघडा, नाव-गाव सांगा आणि थेट प्रश्न. तुम्ही शिक्षक होतात, म्हणून धीट होऊन सांगते, प्रश्नाआधी पाच मिनिटांची प्रस्तावना करणारे बहुतेक निवृत्त शिक्षकच असतात. रेंजचा भरवसा नसेल तर प्रश्न आधीच वहीत किंवा फोनच्या नोंदीत लिहून ठेवा आणि वेळ आली की चॅटमध्ये चिकटवा. टाइप करायचा कंटाळा असेल तर मराठी कीबोर्डवरचं माईकचं चिन्ह दाबून बोला, तो लिहितो. परभणीकडची बोली त्याला अजून नीट कळत नाही, तेवढं पुस्तकी बोला.

प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांबद्दल माझं मत फार बरं नाही, पण हवं असेल तर एवढं लक्षात ठेवा. शेवटी अभिप्रायाच्या अर्जाची लिंक चॅटमध्ये टाकतात. बाहेर पडलात की चॅट गेलं. आधी ती लिंक उघडा, मग बाहेर पडा. अर्जात नाव जसं लिहाल तसंच छापून येतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडलेला. वाचनालयात दहा-बारा जण मिळून बसा, नक्की बसा. बारा फोनांना बारा वेळा रेंज शोधत बसण्यापेक्षा एका चांगल्या जोडणीवर बारा जणांनी ऐकणं केव्हाही सोपं. आयोजकांना आधी कळवा की एका लिंकवर बारा श्रोते आहेत, आणि स्क्रीनवरच्या नावात वाचनालयाचं नाव, गाव आणि ‘१२ वाचक’ असं लिहा. यजमान आवर्जून दखल घेतात, हा माझा अनुभव.

मोठ्या पडद्याच्या मागं लागू नका. आधी आवाज. ब्लूटूथचा स्पीकर बोलण्याच्या ॲपवर पुष्कळदा पातळ, डब्यातून आल्यासारखा वाजतो, कारण तो माईकचंही काम करायला जातो. त्यापेक्षा गावच्या भजनी मंडळाचा किंवा गणपती मंडळाचा ॲम्प्लिफायर मागून आणा. एका टोकाला इअरफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळते. फोनमधून ती ॲम्प्लिफायरला लावली की मृदंगाचा आवाज देणाऱ्या खोक्यातून व्याख्यान ऐकू येतं. एवढंच बघा की या वायरीला माईक नसतो, म्हणून फोनचा स्वतःचा माईक चालूच राहतो. तो कायम म्यूट ठेवा. कुणाला प्रश्न विचारायचा असेल तर आधी ॲम्प्लिफायर पूर्ण खाली आणा, मग म्यूट काढा, आणि विचारणाऱ्यानं फोन हातात घेऊन तोंडाजवळ धरून बोलावं. क्रम चुकला तर माझ्या त्या दोन फोनांसारखी किंकाळी येईल, आणि या वेळी भजनी मंडळाच्या ताकदीनं. खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या फोनवर तोच कार्यक्रम लावायचा नाही, हेही आधीच बजावा. कुणीतरी लावतोच.

एवढं झाल्यावर टीव्ही असेल तर बघा. स्मार्ट टीव्ही आणि फोन एकाच वायफायवर असतील तर यूट्यूबचा कार्यक्रम टीव्हीवर सहज जातो. झूमसाठी फोनच्या पडद्याची नक्कल टीव्हीवर पाठवावी लागते, फोनात ‘कास्ट’ किंवा ‘स्क्रीन मिररिंग’ या नावानं ती सोय असते. टाइप-सी ते एचडीएमआय वायर घाईनं विकत घेऊ नका. कमी किमतीच्या बऱ्याच फोनांतून त्या भोकातून चित्र बाहेर पडतच नाही, वायर कितीही चांगली असो. कुणाचा लॅपटॉप मिळाला आणि एचडीएमआयनं टीव्हीला जोडला, तर आवाज आपोआप टीव्हीकडं जातो. ॲम्प्लिफायरमधून येत नाही म्हणून गोंधळू नका, लॅपटॉपच्या स्पीकरच्या चिन्हातून वाट बदला.

उपस्थितांच्या सह्या, तारीख, विषय आणि एक फोटो असं वाचनालयाच्या नोंदवहीत ठेवा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेलं वाचनालय असेल, अगदी सगळ्यात खालच्या ड वर्गाचं असलं तरी, तपासणीच्या वेळी काय उपक्रम केले ते दाखवायला या नोंदी उपयोगी पडतात. असे कार्यक्रम दाटीनं कधी येतात तेही ध्यानात असू द्या: १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा पुस्तक दिन, १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन, आपला १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू असते, तेव्हा मळणीयंत्रापासून लांबची खोली निवडा. वर्षभर काही ना काही हवं असेल तर खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाकडं बघा. त्यांचे क्लब आहेत, ते ऑनलाइन कार्यक्रम घेत असतात.

परदेशी ग्रंथालयांचे कार्यक्रमही ऐकता येतात, फक्त घड्याळ सांभाळा. लंडन आपल्या मागं हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ. ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात, आपण नाही. म्हणजे जूनमध्ये लंडनला संध्याकाळी सातचा कार्यक्रम आपल्याकडं रात्री साडेअकराला, आणि जानेवारीत न्यूयॉर्कला संध्याकाळी सहाचा कार्यक्रम आपल्याकडं पहाटे साडेचारला, तारीख दुसऱ्या दिवसाची. मी एकदा बरोबर पहाटे उठून बसले, चहा केला, आणि चोवीस तास लवकर उठले होते. त्यांचं गुरुवार म्हणजे आपलं शुक्रवार, हे चहा संपल्यावर कळलं.

आणि कार्यक्रम संपला, आभार झाले, की फोन तसाच उशीखाली सारू नका. ‘लीव्ह’ दाबा, मग पुन्हा ‘लीव्ह मीटिंग’ दाबा आणि पडदा बंद झाला का ते बघा. आमच्या कट्ट्यावरचे एक अण्णा हे विसरले. मागं राहिलेले आम्ही चौघं पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवत होतो आणि त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. यजमान मीच होते, माझ्याकडं त्यांना बाहेर काढायचं बटण होतं. पण एवढी गाढ झोप लागलेल्या माणसाला बाहेर काढावंसं वाटेना, म्हणून त्यांचा माईक तेवढा बंद केला आणि आमचं पुस्तक ठरवून घेतलं.